ओळख आणि पावती

आम्हा आयटीवाल्यांना प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायची सवय. उमरग्याकडं मात्र शेतीचा कारभार तोंडीच चालतो. ट्रॅक्टरवाला एकरावर, बोअरवाला फुटावर आणि दुकानदार ओळखीवर. बियाणं उधार, पैसे सोयाबीन विकल्यावर. अशा माणसाकडं पक्की पावती मागा म्हटलं की बाबा म्हणतात, "आरं, त्येला काय वाटंल?"

बाबांचंही खरंच आहे. ऐन पेरणीत बँकेच्या आधी हाच माणूस उपयोगी पडतो. पण २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून हजारो तक्रारी झाल्या, ते आठवा. अशी तक्रार करायची तर पावती, टॅग आणि पिशवी लागते. पावतीवर लॉट नंबर नसेल तर बियाणं कुठलं, हे सिद्ध कसं करणार? बियाणं घेणारा शेतकरी हाही ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सांगितलंय. पण घेतल्याचा पुरावा आपल्याकडं हवा ना!

आणि गंमत म्हणजे तो कागद दुकानदारालाही वाचवतो. दोष लॉटचा निघाला तर बोट कंपनीकडं जातं, त्याच्याकडं नाही.

म्हणून आमच्या घरी आता ठरलंय: उधारी ठरल्या दिवशी फेडायची, पावती त्याच दिवशी घ्यायची. शिवाय पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघायचे; ७० तरी उगवायला हवेत.

बाबांनी संकोचावर उपायही शोधलाय. दुकानात म्हणतात, "पोरगं लई किरकिर करतंय बघा, पावती द्या." बदनामी माझी, पावती घरात. चालतंय की!