हिरवी तार

स्वयंपाकघरातील धूर बाहेर फेकणारा पंखा काजळी अंगावर घेत मुकाट फिरत असतो. बंद पडतो तेव्हाच घराला आठवतो. फोडणीचा ठसका मग माजघरात पोहोचतो. नवा पंखा बसवताना भिंतीवरचे बटण बंद केले की पुरे, असे वाटते. पण ते चुकून न्यूट्रल तारेवर जोडलेले असेल, तर पाती थांबूनही पंख्यात २३० व्होल्टचा दाब उभाच असतो. म्हणून मेन स्विच बंद करावा. चालू सॉकेटवर आधी पारखलेला टेस्टर तारांना लावून पाहावा. लाल तार सहसा फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. हिरवीवाचूनही पंखा फिरतोच, म्हणून कित्येक जण ती गुंडाळून ठेवतात. लोखंडी चौकटीत वीज उतरलीच, तर तिला जमिनीकडे नेणारी वाट मात्र तीच असते.