रिंगणात कोण, काठावर कोण

लग्नसराई लागली. शहादा–धडगाव रस्त्याला टेम्पोवर रचलेले स्पीकर, मागे जनरेटर, मधे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड सांभाळत बसलेली पोरं. गाणी भिलीत, पावरीत, मावचीत. नाच पहाटेपर्यंत. पारावरची तक्रार ठरलेली : "आमना टाईमले ढोल व्हता. या पोरेसले काय वाजाडता येस?" तक्रार करणाऱ्यानं शेवटचा ढोल गळ्यात कधी अडकवला होता, हे कुणी विचारत नाही.

*

हार्डकोर पंक ऐकणारे इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण त्यांच्यातही पारावरचंच बोलणं : खरे बँड ऐंशी सालचे, आता राम राहिला नाही. वॉशिंग्टनचा मायनर थ्रेट 1980 ते 1983 एवढाच टिकला आणि पुन्हा कधी एकत्र आला नाही. त्यातल्या इयन मकाय आणि जेफ नेल्सननं डिस्कॉर्ड ही कंपनी काढली ती आपल्याच शहरातल्या बँडांसाठी. पुढे फुगाझी या बँडमध्ये मकायनं तिकीट पाच डॉलरच्या आसपास धरून ठेवलं. जुन्यांचं नाव घेणाऱ्यांनी एवढं तरी उचलावं.

*

2025 मध्ये ग्रेग गिननं ब्लॅक फ्लॅग हा जुना हार्डकोर बँड तरुण पोरांना घेऊन पुन्हा उभा केला. पोरं नवी, गाणी चाळीस वर्षांपूर्वीची. पालखी जुनी, खांदे तेवढे बदलले.

*

मुंबई. मार्च 2025, महालक्ष्मी रेसकोर्स, लोलापलूझा महोत्सवात ग्रीन डे हा बँड. 1994 च्या 'डूकी'वर वाढलेले लोक पोराबाळांसह गेले. जावं की. पण याच शहरात स्क्राइब होता, रायट पेडलर्स होता. अंधेरीच्या बी-69 मध्ये अशा बँडांना जागा मिळायची. ते ठिकाण बंद झालं. आता त्याच्याही आठवणी निघतात, रंगभवन या जुन्या मैफलींच्या जागेच्या निघतात तशाच.

*

काठीची राजवाडी होळी, अक्कलकुवा तालुका. 1246 पासूनची, असं सांगतात. रात्रभर नाच, होळी पेटते पहाटे. बुध्या होऊन नाचणाऱ्यांच्या अंगावर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू. आठ-नऊ वर्षांचा एक पोरगा म्हाताऱ्याच्या मागे लागून नाचत होता. घुंगरांचा पट्टा त्याला ढिला, दर चार पावलांनी वर ओढायचा आणि ठेका चुकायचा. म्हातारा न थांबता, मागे न बघता, पाऊल जरा आखूड टाकू लागला. पोरगा ठेक्यात आला.

कॅमेरेवाले सगळे रिंगणाबाहेर. (मीही मोबाईल काढलाच होता.)

ठेका शेकडो वर्षांचा, पण कुणा एकाच्या नावावर नाही. म्हणून तिथे पोरानं कुणाची बरोबरी करायची नसते, नुसतं आत यायचं असतं. हार्डकोरचंही मुळात तेच : स्टेज बुटकं, मधे कठडा नाही, माईक समोरच्याच्या हातात. आठवणी काढत बसलेला माणूस मात्र आपणहून कठड्यापलीकडे जाऊन उभा राहतो.

*

जुन्याची ओढ खोटी नाही. पण नव्या बँडला ओढ पुरत नाही. सुपारी लागते, बयाणा वेळेवर लागतो, जनरेटरला डिझेल लागतं. आणि "गावचीच पोरं" म्हणून फुकटात वाजवून घेणं बंद व्हायला हवं.

*

वैशाखात चुलत पुतण्याचं लग्न. थोरल्यांना नावाजलेलाच बँड हवा. मी मोलगीकडच्या नव्या पोरांचं नाव पुढे केलंय. चौकशी केली तर कळलं, त्यांची स्वतःची सहाच गाणी बसलीत. सहा तर सहा, फिरवून फिरवून वाजवतील.