सगळ्यांच्या पैशाने एकाने खेळायचं

आमच्या घरी जुगार हा शब्दसुद्धा हळू आवाजात उच्चारला जायचा. दिवाळीत मामाकडे तीन पत्ती चालायची, तीही चिंचोक्यांवर. त्यामुळे न्यू जर्सीत राहून मी एका पोकर क्लबचा खजिनदार आहे असं सांगितलं, की पुण्याची मंडळी एकदम गप्प होतात. मग कोणीतरी चाचरत विचारतं, "बाकी सगळं ठीक आहे ना रे?"

ठीक आहे हो! क्लब म्हणजे काय, तर एकाच्या बेसमेंटमध्ये महिन्यातून एकदा जमणारी बारा माणसं. आम्ही पाच मराठी, दोन गुजराती, एक तेलुगू, एक निवृत्त मास्तर, एक प्लंबर आणि दोन सख्ख्या बहिणी. खेळाचे वीस डॉलर आणि वर फंडाचे दहा. ज्याचं घर तो एक पैसाही कापून घेत नाही. वर्षाला दहा बैठका, म्हणजे फंडात 1200 डॉलर. वर्षाअखेर गुणांमध्ये जे पहिले दोन येतील त्यांना अटलांटिक सिटीतल्या एका कॅसिनोत टूर्नामेंट खेळायला पाठवायचं. एन्ट्री 560 डॉलर : 500 बक्षिसाच्या रकमेत, 60 कॅसिनोचे. उरलेल्या 80 डॉलरमध्ये दोघांचा गॅस आणि टोल.

जिंकलं तर आधी फंडाचे 560 परत. वर जे उरेल त्यातलं अर्धं खेळणाऱ्याचं, अर्धं बाकी अकरा जणांचं. (अशी वाटणी होते हे सरकारलाही माहीत आहे. त्यासाठी आयआरएसचा 5754 नंबरचा खास फॉर्म आहे!) हरलं तर काही नाही. म्हणजे ही आपली भिशीच की! फरक एवढाच, की भिशीत नंबर लागला की पैसे येतात, इथे नंबर लागला की बहुतेक वेळा जातात.

कल्पना आमची नाही. लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशूमध्ये वर्ल्ड सिरीज व्हायची, तिच्या मुख्य स्पर्धेची एन्ट्री 10,000 डॉलर. एवढे पैसे कोण काढणार? म्हणून दहा जणांनी हजार-हजार घालून आपापसात खेळायचं आणि जिंकेल त्याने मोठ्या टेबलावर जायचं, अशी सोय निघाली. हिला सॅटेलाइट म्हणतात. 1983 साली टॉम मकेवॉय असा आत शिरून विजेता झाला. पण खरी खळबळ उडवली ती 2003 साली टेनेसीच्या एका अकाउंटंटने. आडनाव मनीमेकर, आणि ते खरंच आडनाव आहे! 86 डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून तो आला आणि 839 खेळाडूंमधून 25 लाख डॉलर घेऊन गेला. पुढच्याच वर्षी खेळाडू झाले 2,576. तेव्हापासून अमेरिकेतल्या बेसमेंटा-बेसमेंटांतून लोकांना वाटायला लागलं, की आपल्यातलाही एखादा...

आमचे नियम मात्र कडक आहेत. फंडाच्या पैशाने फक्त टूर्नामेंट. तिथे 560 दिले की नुकसान तिथेच थांबतं. मिळालेल्या चिप्स काउंटरवर वटत नाहीत, त्या फक्त त्या स्पर्धेपुरत्या. ब्लाइंड ठरावीक वेळाने वाढत जातात, त्यामुळे नुसतं बसूनही राहता येत नाही. संपल्या की उठायचं. बाजूच्या टेबलावर रोख खेळायला, मशीनवर बसायला फंडातून छदाम नाही. आणि रात्री घरी परत यायचं. 1976 साली मतदारांनी परवानगी दिली, 1978 साली तिथला पहिला कॅसिनो उघडला, आणि 2014 या एका वर्षात चार बंद पडले. जिथे कॅसिनोचंसुद्धा दिवाळं निघतं तिथे आपण कोण?

आता वही. 2012 पासून 2025 पर्यंत, कोरोनाची दोन वर्षं सोडून, आम्ही 24 वेळा माणूस पाठवला. गेले 13,440 डॉलर. पैसे परत आले तीनदा : 900, 1,150 आणि एकदा चक्क 4,300. एकूण 6,350. म्हणजे सगळ्यांचं मिळून 7,090 डॉलरचं नुकसान, माणशी वर्षाला पन्नासच्या आत. यावरून आम्ही वाईट खेळतो असं सिद्ध होत नाही, चांगलं खेळतो असं तर नाहीच नाही. अशा स्पर्धांत साधारण दहा-पंधरा टक्के लोकांनाच काही मिळतं. 24 हा आकडा फार लहान आहे.

पण हे गणित वहीत ठीक. माणसाच्या छातीत वेगळंच चालू असतं.

आमच्यातल्या एका दादांचा नंबर लागला त्याच वर्षी त्यांची नोकरी गेली होती. गेले, आणि पाऊण तासात बाहेर. हातात दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे, सगळ्या चिप्स मध्ये. पाचात चार वेळा एक्के जिंकतात. ही पाचवी वेळ होती. चौथ्या पत्त्याला राजा आला.

पुढच्या बैठकीला दादांनी माझ्यापुढे पाकीट ठेवलं. आत 560 डॉलर.

"हे काय दादा?"

"ठेव रे. तुमचे पैसे होते."

बेसमेंटमध्ये कोणी बोलेना. मग दोघी बहिणींतली मोठी म्हणाली, "ते राजे होते हे माहीत असतं तर तुम्ही काय केलं असतं?" दादा म्हणाले, "तरी सगळ्या चिप्स घातल्या असत्या." "मग पाकीट उचला."

मला तेव्हा द्यूतसभा आठवली. युधिष्ठिर हरला याचं आपल्याला एवढं वाईट वाटत नाही. त्याने भाऊ लावले, द्रौपदी लावली, त्यांना न विचारता, आणि कुठे थांबायचं हे ठरवलंच नव्हतं, हे टोचतं. द्रौपदीने सभेत विचारलेला प्रश्नही हाच ना, की लावायचा हक्क होता कुठे? आमच्या बाराजणांनी दादांना तो हक्क आधीच दिला होता, मोजून, 560 पुरता. पैसे परत घेतले असते तर धोका पुन्हा त्यांच्या एकट्याचा झाला असता. आणि पुढचा जो कोणी गेला असता तो घरचं पाकीट डोळ्यांपुढे ठेवून, भीत भीत खेळला असता. मग पाठवायचं तरी कशाला?

तेव्हापासून एक रीत पडली. परत आलेल्याला "किती मिळाले?" असं विचारायचं नाही. "शेवटचा हात सांग" म्हणायचं. सोपं नाही हे. 4,300 आले त्या रात्री शेवटचा हात कोणीही विचारला नव्हता! जिंकलेल्याचे निर्णय कोण तपासतं? तो माणूस त्या दिवशी दोनदा निव्वळ नशिबाने वाचला होता, हे त्याने स्वतःच सांगितलं, तेही सहा महिन्यांनी.

दादा पाकीट घेऊन गेले. अजून खेळायला येतात, फंडाचे दहा डॉलर सगळ्यात आधी देतात. गेल्या वर्षी पुन्हा दुसरे आले, तर म्हणाले, "तिसऱ्याला पाठवा, मला नको." आम्ही आग्रह केला नाही. पाठवणं आमच्या हातात आहे, पाठीवरचं ओझं उतरवणं नाही... तिसऱ्या नंबरवर ती मोठी बहीण होती. ती गेली, चार तास टिकली, आणि परत येऊन तिने शेवटचा हात सांगितला. दादांनीच तो सगळ्यात लक्ष देऊन ऐकला.