बोट लागते का?

"आई, तुम्हाला बोट लागते का?" जावयाने चहाचा कप पुढे करत विचारलं आणि मी कप घ्यायचीच विसरले. हा प्रश्न मला शेवटचा कुणी विचारला होता? आता विमानात खिडकी हवी का विचारतात, शाकाहारी का विचारतात. घाटात गाडी लागते, एसटी तर बसायच्या आधीच लागते. पण बोट लागणारी माणसं आता कुठे भेटतात? बोटीच गेल्या.

नात नऊ वर्षांची. जन्म सिडनीतला, रविवारी मराठी शाळा. तिने स्वतःचं बोट डोळ्यांसमोर धरून नीट पाहिलं आणि म्हणाली, "काही लागलेलं नाहीये." मग मी समजावायला बसले. दारात चेमटलं की बोटाला लागतं. पोटात ढवळलं की बोट लागते. आणि प्रवास संपून धक्क्याला आली, तरी बोट लागतेच. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मराठीत फार गोष्टी लागतात."

बेत असा होता की पंचवीस डिसेंबरचं दुपारचं जेवण बंदरातल्या बोटीवर करायचं. बारा ते तीन. त्या दिवशी या शहरात दुकानंही बंद असतात, रस्ते ओस पडतात आणि ज्याला घर आहे तो घरात टर्की कापतो. आपण काय कापणार, म्हणून बोट. लेक खूश होती. मी 'हो' म्हटलं खरं, पण आतून कुणीतरी पदर ओढून सांगत होतं की बोटीत जेवायचं नसतं.

ती माझी आजी.

मे महिन्यात आम्ही भाऊच्या धक्क्यावरून मुसाकाजीला जायचो. मुसाकाजी हे राजापूर तालुक्यातलं बंदर, आणि बंदराचं इतकं गोड नाव मला पुढे जगात कुठे सापडलं नाही. बोट सुटायच्या कितीतरी आधीपासून धक्क्यावर ट्रंका, वळकट्या, फणसाएवढी गाठोडी आणि रडणारी पोरं यांचा समुद्र झालेला असे. वडील पुढे पळून डेकवर सतरंजी अंथरत. एकदा सतरंजी पडली की तेवढा तुकडा आमचा देश. त्याच्या सीमेवरून कुणी चपला घालून गेलं की आई नुसती बघायची, आणि तेवढं पुरायचं.

आजीच्या पिशवीत लिंबं असत, आलेपाक असे, आवळासुपारीची डबी असे. आणि तळाशी दशम्यांचा डबा. तो मात्र उघडायचा नाही. सकाळपासून आमच्या चारी बाजूंना लोक खात असत. कुणी कांदा फोडतंय, कुणी उकडलेलं अंडं सोलतंय, पलीकडच्या सतरंजीवर सुकट आणि भाकरी. आम्ही आवळासुपारी चघळत बसलेलो. "जमिनीला पाय लागले की जेवायचं," एवढंच आजी म्हणे. का, ते विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

मी आठ वर्षांची असेन. दुपार टळली होती. पाय मोकळे करते म्हणून उठले आणि वासामागून चालत गेले. बोटीच्या मागच्या अंगाला एका काळवंडलेल्या खोपटात एक म्हातारा खलाशांचा स्वयंपाक करत होता. त्याला सगळे 'भंडारी' म्हणून हाक मारत होते. मला ते आडनाव वाटलं. बोटीवरच्या आचाऱ्यालाच भंडारी म्हणतात हे फार पुढे कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही. जर्मनच्या थाळीत जाड्या तांबड्या तांदळाचा भात वाढला, त्यावर बांगड्याचं कालवण ओतलं आणि थाळी माझ्या मांडीवर ठेवली.

त्या जेवणाची चव मला नीटशी आठवत नाही. तिखट होतं एवढं नक्की. आठवते ती त्या कालवणाची चाल. बोट डावीकडे कलली की ते डाव्या काठाला जाई, उजवीकडे कलली की भात भिजवत उजव्या काठाला. काठावरून सांडेल सांडेल म्हणून मी श्वास धरायची, आणि ते सांडत नसे. दोन-तीन हेलकाव्यांत मला त्याचा ठेका कळला. ते मधल्या भातावर आलं की घास उचलायचा, गेलं की चावायचा. अख्खा समुद्र माझ्या थाळीत ये-जा करत होता आणि मी त्याच्या वेळेने जेवत होते. बोट मला लागली नाही. तेव्हाही नाही, नंतरही कधी नाही.

परत येऊन आजीशेजारी बसले. तिने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. थोड्या वेळाने अर्धं लिंबू पुढे केलं. मला वाटलं चोखायला. तर म्हणाली, "हाताला लाव."

मुसाकाजी रात्री यायचं. यायचं म्हणजे काळोखात बोट थांबायची आणि खालून कंदील हलायचे. धक्का नव्हताच. बोट बाहेर उभी राहणार, पडाव येऊन तिला बिलगणार, आणि लाटेने पडाव वर उचलला की खलाशी ओरडणार, "टाक पाय!" तो पाय त्याच क्षणी टाकायचा, पुढच्या क्षणाला खाली नुसतं काळं पाणी. दिवसभर अन्नाचा कण न घेतलेली माझी आजी नऊवारीचा काष्टा आवळून असा पाय टाकायची की खलाशी वाहवा करत. मग वाळू. वाळूत चार पावलं चालून ती मटकन बसे, डबा उघडे आणि आमच्या आधी स्वतः एक दशमी खाई. इतर कुठल्याही दिवशी ती सर्वांच्या शेवटी जेवत असे.

काका म्हणायचे, हे सगळं 'रामदास'मुळे. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेंहून जास्त माणसं गेली, त्यानंतर कोकणातल्या कितीतरी घरांनी समुद्राशी असे काहीबाही करार करून ठेवले. आई म्हणायची, कसलं रामदास घेऊन बसलात, त्यांना पित्ताचा त्रास होता.

तर पंचवीस डिसेंबरला आम्ही वेस्टमीडहून गाडी पकडली आणि विनयार्डला उतरलो. तिथून धक्क्याकडे चालताना बरांगारू लागतं. काचेचे उंच मनोरे, कडेला बंदर. मला वाटलं झाडाबिडाचं नाव असेल, कांगारूला जवळचं. नातीने मला थांबवलं. "ती बाई होती, आजी. मासे पकडायची." हे तिने बनेश्वरला देऊळ आहे असं सांगावं तितक्या साधेपणाने सांगितलं. मी वर पाहिलं. इतक्या उंच काचांना एका कोळणीचं नाव! आपल्याकडे वरळीच्या एखाद्या मनोऱ्याला असं नाव दिलेलं मला तरी ठाऊक नाही.

बोटीवर पाय टाकायला फळी होती, कठडा होता, हात द्यायला एक हसरा मुलगा होता. मनातल्या मनात मी तरी लाटेची वाट पाहिली.

टेबलावर प्रत्येकाच्या ताटाशी एक रंगीत पुठ्ठ्याची नळी. तिला क्रॅकर म्हणतात. लंडनच्या टॉम स्मिथ नावाच्या मिठाईवाल्याने एकोणिसाव्या शतकात ही टूम काढली. दोघांनी दोन टोकं धरून ओढायचं, फट् असा अगदी गरीब आवाज होतो आणि आतून कागदी मुकुट निघतो. तो घालावाच लागतो. दहा मिनिटांत अख्खी बोट राजेमहाराजांची झाली. बाहेर कडक ऊन, आत गाण्यांत बर्फ पडतंय. बंदरावरच्या मोठ्या पुलाखालून जाताना सगळ्यांनी एकदम माना वर केल्या आणि सगळ्यांची राज्यं एकदम मागे गळून पडली.

मग कोलंबी आली. बर्फावर, डोक्यासकट, सालासकट, थंडगार. थंड कोलंबी ही माझ्या मते शिक्षा आहे. एवढी मोठी, इतकी ताजी, आणि तिला ना चिंच, ना लसूण, ना तव्याची आच. पण या देशात नाताळ भर उन्हाळ्यात येतो आणि ही थंड कोलंबी हीच त्यांची करंजी. तिसरीपासून माझं मत जरा मऊ पडलं. सोलण्यात मात्र मी त्या टेबलावर सगळ्यांच्या पुढे होते. लेक सुरी-काट्याने खटपट करत होती. मी तिच्याकडे नुसतं पाहिलं, आईसारखं. तिने सुरी खाली ठेवली.

ही कोलंबी या पाण्यातली नव्हे. या बंदरात २००६ पासून धंद्याची मासेमारी बंद आहे, आणि पुलाच्या पश्चिमेला हौसेने गळ टाकून धरलेला मासाही खाऊ नये असा सरकारी सल्ला आहे. तळच्या गाळात डायऑक्सिन बसलं आहे. ते आलं वर नदीकाठच्या होमबुश बेच्या बाजूने, जिथे पूर्वी युनियन कार्बाइडचा कारखाना होता. जावई सहज बोलून गेला. मी हातातली कोलंबी खाली ठेवली. त्या नावापुढे आपल्याकडच्या माणसाला काही बोलायचं उरत नाही.

टर्की कोरडी होती. तिच्याबद्दल एवढं पुरे.

ऑपेरा हाऊस पाण्यावरून पाहिलं. चित्रांत ते पांढरं शुभ्र दिसतं, तसं ते नाही. दहा लाखांवर फरशा आहेत, काही चकचकीत, काही सायीच्या रंगाच्या, त्यामुळे ऊन त्यावर घसरत नाही, मुरतं. ज्या यॉर्न उट्झनने ते कल्पिलं तो भांडणांना कंटाळून १९६६ मध्ये निघून गेला आणि पुरं झालेलं पाहायला कधीच आला नाही. सगळा स्वयंपाक करावा आणि पंगत बसायच्या आधी मागच्या दाराने जावं. ज्या टोकावर ते उभं आहे त्याचं नाव बेनेलाँग. तिथे त्या नावाच्या माणसाची झोपडी होती, आणि तो बरांगारूचा नवरा.

बरांगारूचं नातीने 'मासे पकडायची' एवढ्यावर सोडलं होतं. मला चैन पडेना, म्हणून नंतर घरी बसून वाचलं. इंग्रज १७८८ मध्ये या बंदरात उतरले तेव्हा इथल्या मूळच्या लोकांत पाण्यावर बायकांचं राज्य होतं. पुरुष काठावरून भाल्याने मासे मारत. गळ बायकांचा. झाडाच्या सालीच्या लहानशा होड्या, पाण्याच्या वर जेमतेम बोटभर. शंखाचं चंद्रकोरीसारखं घासलेलं हूक, सालीच्या धाग्याची दोरी. शिंपले चावून पाण्यात थुंकायचे, त्या वासाने मासा वर येई. मांडीवर पोर, तोंडात गाणं. आणि होडीच्या मधोमध मातीचा थर देऊन त्यावर पेटता विस्तव. मासा लागला की तिथेच भाजायचा, तिथेच खायचा. सालीच्या होडीत विस्तव! रात्री सगळं बंदर अशा ठिपक्यांनी भरत असणार.

१७९० साली गोऱ्यांनी जाळं टाकून दोन ओढींत चार हजारांच्या आसपास मासे काढले आणि त्यांतले चाळीसेक बेनेलाँग आणि त्याच्या मंडळींना भेट दिले. बरांगारूला ते झोंबलं असणार असा इतिहासकारांचा कयास आहे. मला कयासाची गरज वाटत नाही. मासे वाटायचा मान घरच्या बाईचा, हे कुठल्याही कोळीवाड्यात विचारा. गव्हर्नरकडे जेवायला ती गेली ती नाकात एक हाड घालून, आणि अंगावर दुसरं काही नाही. मासे धरायचं सामान चोरणाऱ्या एका कैद्याला फटके मारायचे ठरले आणि ते पाहायला या लोकांना मुद्दाम बोलावलं, तेव्हा ती काठी घेऊन फटके मारणाऱ्याच्याच अंगावर धावली. १७९१ मध्ये बाळंतपणानंतर गेली. तिच्या गळ-दोरीसकट तिला अग्नी दिला.

आणखी एक वाचलं. त्या लोकांतल्या मुलींच्या डाव्या हाताच्या करंगळीचं टोक लहानपणीच दोरा आवळून काढत. मासे धरायच्या हातासाठी. बोटीसाठी एवढं बोट.

पण हे रात्रीचं. दुपारी आम्ही पाव्हलोव्हा खात होतो. रशियन नर्तकीच्या नावाचं हे अंड्याच्या पांढऱ्याचं ढगुलं, ज्यावरून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड अजून भांडतात. त्यावर आंबा होता. डिसेंबरात आंबा! हापूसशी तुलना करायची नाही असं ठरवलं होतं. केली. भारतात घोडे पोचवायला गेलेल्या जहाजांतून इथला आंबा आला असं म्हणतात. तसं असेल तर वाटेत काहीतरी सांडलं.

रशकटर्स बेमध्ये दुसऱ्या दिवशीच्या होबार्टच्या शर्यतीच्या शिडाच्या बोटी उभ्या होत्या, शिडं गुंडाळलेली, डोलकाठ्या नुसत्या किणकिणत. कालवण सांडेल इतकंसुद्धा आमची बोट हलत नव्हती. मला ते थोडं फसवल्यासारखं वाटलं.

तीन वाजत आले तशी मी बाहेर कठड्याशी गेले. पर्समध्ये आवळासुपारी होती, विमानतळावर रीतसर जाहीर करून आणलेली. एक तोंडात टाकली. नात शेजारी आली, मुकुट कानावर आलेला. "काय खातेस?"

दिली. तिने चावली, डोळे मिटले, सगळा चेहरा एका ठिकाणी गोळा झाला, आणि कुणाला काही कळायच्या आत कठड्यावरून वाकून तिने ती थेट पाण्यात थुंकली.

"अगं!" आतून लेक ओरडली.

मी मात्र वाकून खाली पाहत राहिले. बराच वेळ.