ओर्सान्मिकेले : व्यापाऱ्यांनी करविलेली शिल्पे

इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत मुख्य कॅथीड्रलकडून सिन्योरिया चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक उंच, भक्कम दगडी वास्तू उभी आहे. मायकेलअँजेलोचा डेव्हिड पाहण्याच्या ओढीने आलेले अनेक प्रवासी तिच्याकडे न पाहताच पुढे निघून जातात. ओर्सान्मिकेले हे तिचे नाव. आज ती चर्च म्हणून ओळखली जात असली, तरी १३३७ मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले ते धान्यबाजारासाठी. खाली सौदे होत. वरच्या मजल्यांवर नगरीचे धान्य साठविले जाई. वरचे धान्य खाली सोडण्यासाठी खांबांतून काढलेल्या वाटा आजही तेथे दिसतात. पुढे बाजार हलला, कमानी बुजविल्या गेल्या आणि कोठाराचे प्रार्थनास्थळ झाले.

या वास्तूच्या बाहेरील भिंतींत चौदा देवकोष्ठे आहेत. त्यांतील बहुतेक नगरीतील व्यापारी व कारागिरांच्या संघांकडे, म्हणजे आपल्याकडील प्राचीन श्रेणींसारख्या संस्थांकडे, सोपविलेली होती. प्रत्येक श्रेणीने आपल्या संरक्षक संताची मूर्ती स्वखर्चाने बसवावयाची होती. तागाच्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या श्रेणीने १४११ मध्ये संत मार्कची मूर्ती दोनातेल्लो या तरुण शिल्पकाराकडे सोपविली. हा संत संगमरवरी गादीवर उभा आहे. त्याच्या वजनाने गादी जागोजागी दबलेली दिसते. पेढीवरच्या गादीशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते असलेल्या प्रवाशाची नजर तेथे थबकावी, हे स्वाभाविकच होय.

परंतु या भक्तीत स्पर्धाही होती. परदेशी कापडाचा व्यापार करणाऱ्या कालिमाला या श्रीमंत श्रेणीने घिबेर्तीकडून संत जॉनची मूर्ती संगमरवराऐवजी कितीतरी महाग अशा कांस्यात ओतवून घेतली. त्यानंतर १४१९ मध्ये सराफांच्या श्रेणीने त्याच घिबेर्तीशी संत मॅथ्यूच्या मूर्तीचा करार केला. तीत एक अट होती : ही मूर्ती कालिमालाच्या मूर्तीपेक्षा लहान असता कामा नये!

ही अट वाचून मंदिरातील बोलीचा प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो. कोणाचा आकडा वर गेला, कोणाचे नाव शिलेवर आधी कोरले गेले, यावरून मने दुखावल्याची उदाहरणे कोणत्याही समाजाला अपरिचित नाहीत. दानात मान मिसळला की पुण्य उणे होते काय, हा प्रश्न फ्लॉरेन्सच्या रस्त्यावरही सुटत नाही. आज तेथे दोनातेल्लो व घिबेर्ती यांची नावे जगाच्या मुखी आहेत. पैसा मोजणाऱ्या व्यापाऱ्यांची नावे मात्र क्वचितच कोणी घेतो.

श्रवणबेळगोळ येथे नेमके उलट घडले आहे. बाहुबलींच्या चरणांपाशी ‘श्रीचावुण्डराजे करवियले’ हे मराठीतील अतिप्राचीन शब्द कोरलेले आहेत. तेथे करविणाऱ्याचे नाव आहे, घडविणाऱ्याचे नाही. तरीही ‘करवियले’ हे क्रियापद प्रामाणिक आहे. आपण केले, असा दावा त्यात नाही. दुसऱ्याच्या हातून करवून घेतले, एवढेच ते सांगते.

ओर्सान्मिकेलेच्या कोष्ठांत आता प्रतिकृती आहेत. मूळ मूर्तींपैकी बहुतेक वरच्या मजल्यावरील संग्रहालयात, एकेकाळच्या कोठारात, जपल्या आहेत. जेथे धान्य साठविले जाई, तेथे आज संत मार्क आपल्या गादीवर उभा आहे. सराफांची ती अट केवळ करारपत्रात उरली आहे. मूर्तीपुढे उभ्या राहणाऱ्या प्रवाशाला ती दिसत नाही.