कॉलेज सोडून गेलेला गृहस्थ

गेल्या महिन्यांतली गोष्ट. आमचे धाकटे चिरंजीव एका संध्याकाळीं आमच्या मेजावर एक छापील अर्ज ठेवून, कांहीं एक न बोलतां उभे राहिले. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांतून एक वर्षाची रजा मिळावी अशी विनंति त्यांत होती, आणि खालीं 'पालकाची सही' या शब्दांपुढें रिकामी रेघ होती. कारण विचारतां उत्तर मिळालें, "बाबा, मला खेळ तयार करायचे आहेत." हे खेळ म्हणजे पडद्यासमोर बसून बोटांनीं खेळावयाचे व्हिडिओ गेम. आमच्या घराण्यांत आजवर वकील झाले, मास्तर झाले, एक चुलते तर नाटक कंपनीबरोबर पळूनही गेले. परंतु जातांना त्यांनीं अर्ज केला नव्हता, त्यामुळें सहीचा प्रश्न आमच्या आजोबांपुढें कधीं उभाच राहिला नाहीं.

"या धंद्यांत पडून कोणाचें भलें झालें आहे?" असें आम्हीं विचारलें, तेव्हां त्यानें हिरोनोबु साकागुची हें नांव सांगितलें. प्रतिपक्षाचा साक्षीदार आधीं नीट तपासावा, या हेतूनें आम्ही या जपानी गृहस्थांच्या चरित्राचा शोध घेऊं लागलों. साक्षीदार पहिल्याच प्रश्नाला आमच्यावर उलटला. १९६२ सालीं हिताची या गांवीं जन्मलेले साकागुची योकोहामाच्या राष्ट्रीय विद्यापीठांत विद्युत्-अभियांत्रिकीच शिकत होते. आणि १९८३ सालीं अभ्यास अर्ध्यावर टाकून, हिरोमिची तानाका या सहाध्यायासह, ते स्क्वेअर नांवाच्या संस्थेंत लागले. नोकरी अर्धवेळ, आणि संस्था म्हणजे विजेच्या तारा टाकण्याचीं कामें घेणाऱ्या एका कंपनीची लहानशी शाखा! ती स्वतंत्र झाली १९८६ सालीं. आमच्या मनांत आलें, असे कॉलेज सोडून गेलेले आणखी किती असतील! त्यांचीं चरित्रें कोणी लिहीत नाहीं. शिवाय घरोघर खेळांचें वेड नेणारें निन्टेन्डोचें फॅमिकॉम हें यंत्र जपानांत निघालें तेंही १९८३ सालींच. दार उघडायला आणि पाहुणा यायला एकच गांठ पडली, असें आम्हीं मुलाला सांगितलें. तो हसला नाहीं.

साकागुचींचे पहिले खेळ बेताचेच चालले. १९८६ सालीं एनिक्स या दुसऱ्या संस्थेच्या 'ड्रॅगन क्वेस्ट'नें जपानांत एका निराळ्या जातीच्या खेळाची गोडी लावली. या जातींत खेळणारानें चार-दोन पात्रें हाताशीं घेऊन प्रवासाला निघावयाचें, वाटेंत राक्षसांशीं लढतां लढतां त्यांचें बळ वाढवावयाचें, गांवोगांवच्या माणसांशीं बोलून कथेचा धागा पुढें न्यावयाचा. आणि हें एका बैठकींत नव्हे, तर तीस-चाळीस तासांत. कादंबरी वाचण्याऐवजीं तिच्यांत कांहीं दिवस मुक्कामाला जावें, असा हा प्रकार आहे. साकागुचींनीं याच जातीचा 'फायनल फँटसी' हा खेळ १९८७ च्या डिसेंबरांत काढला. हाही चालला नाहीं तर धंदा सोडून पुनः विद्यापीठाची वाट धरावयाची, असें त्यांनीं मनाशीं ठरविलें होतें. हें वाचतांना आमचा चेहरा अंमळ उजळला. परंतु खेळ चालला. एकट्या जपानांत त्याच्या पांच लाखांहून अधिक प्रती खपल्या. अखेरचा प्रयत्न म्हणून नांवांत 'फायनल' आलें, ही कथा सर्वतोमुखीं आहे. खुद्द साकागुचींनीं पुढें तिची हवा काढून घेतली. दोन्ही शब्दांचें आद्याक्षर 'एफ' असावें एवढीच त्यांची अट होती. 'फायटिंग' हा शब्द दुसऱ्याच्या नांवांत आधींच गेलेला होता, म्हणून 'फायनल'.

या धंद्यांत दिग्दर्शक म्हणजे काय, हें आम्हांस नाटक कंपनीच्या उपमेवांचून कळेना. पहिल्या खेळाच्या सूचना यंत्राच्या भाषेंत लिहिणारे नासिर गेबेली इराणांत जन्मलेले. चित्रें योशिताका आमानो यांचीं. संगीत नोबुओ उएमात्सु यांचें. या साऱ्यांना एका कथेच्या दोरींत ओंवण्याचें काम साकागुचींचें. पहिले पांच भाग, म्हणजे १९९२ पर्यंतचे, त्यांनीं स्वतः दिग्दर्शित केले; पुढें ते निर्माते झाले आणि दिग्दर्शन त्यांनीं हाताखालच्या मंडळींस दिलें.

तिसरा भाग तयार होत असतांना त्यांची आई वारली. तेव्हांपासून जीवन म्हणजे काय, हा एकच विषय आपल्या डोक्यांत घोळत राहिला, असें त्यांनीं सांगितलें आहे. तिसरा भाग १९९० सालीं निघाला. पण हा विषय पुरता उमटला तो १९९७ च्या सातव्या भागांत. त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती जगभर गेल्या आहेत. त्यांत एअरिथ नांवाची फुलें विकणारी मुलगी आहे. खेळणारानें तासन् तास राबून तिचें बळ वाढविलेलें असतें. आणि कथा ऐन भरांत असतां ती मारली जाते. या खेळांत एरव्हीं पडलेल्या पात्राला उठविणारें औषध असतें. येथें तें चालत नाहीं. तिच्या तोंडीं मरतांना भाषण नाहीं. खरा मृत्यु अकस्मात् येतो आणि मागें केवळ पोकळी ठेवतो, तसाच तो दाखवावयाचा, अशी त्या भागाचे दिग्दर्शक योशिनोरी कितासे यांची भूमिका होती.

येथें आम्हांस वाचन थांबवावें लागलें. दोन वर्षांपूर्वीं आमच्या मातोश्री गेल्या. तिसऱ्या रात्रीं हाच मुलगा पडद्यासमोर बसलेला आम्हांस दिसला. आजीचे दिवस अजून झाले नाहींत आणि हा खेळत बसला आहे, म्हणून आम्ही त्याला फार टाकून बोललों. त्यानें यंत्र बंद केलें आणि तो निजावयास गेला. आतां विचारलें, त्या रात्रीं कोणता खेळ होता? "हाच," तो म्हणाला. आम्ही स्वतः त्या वेळीं वर्तमानपत्रांत द्यावयाच्या मजकुराचें शुद्धलेखन तपासीत होतों.

आमच्या बाजूचा भक्कम पुरावा २००१ सालांत मिळाला. साकागुचींनीं होनोलुलूस चित्रशाळा उभारून त्याच नांवाचा, सर्वस्वीं संगणकानें रेखाटलेला बोलपट काढला. खर्च सुमारें पावणेचौदा कोटी डॉलर. उत्पन्न साडेआठ कोटींच्या आसपास. माणसाच्या केसांची एकेक बट खरी वाटावी म्हणून एवढा खटाटोप, आणि कथा मात्र कोरडी. २००३ सालीं स्क्वेअर आणि एनिक्स या संस्था एक झाल्या. त्याच वर्षीं साकागुची बाहेर पडले. "पाहा," असें म्हणून आम्हीं पुस्तक मिटल्यासारखें केलें. "पुढचंही वाचा ना," मुलगा म्हणाला.

पुढें २००४ सालीं त्यांनीं 'मिस्टवॉकर' ही स्वतःची छोटी संस्था काढली. २००६ चा 'ब्लू ड्रॅगन' आम्हांस साधारण वाटला. २००७ च्या 'लॉस्ट ऑडिसी'चा नायक मात्र लक्षांत राहण्याजोगा आहे. तो हजार वर्षें जगलेला, मरण नसलेला मनुष्य. आणि त्याच्या आठवणी कियोशी शिगेमात्सु या कादंबरीकारानें लघुकथांच्या रूपानें लिहिल्या आहेत. पडद्यावर नुसतीं अक्षरें येतात, आणि खेळणारा हातांतलें सारें सोडून वाचीत बसतो. यानंतर मोबाइलवरचेही कांहीं खेळ झाले. त्यांविषयीं सांगण्याजोगें फारसें नाहीं.

आणि मग २०२१ सालचा 'फँटेसियन'. मुलानें तो आम्हांस स्वतः दाखविला. यांतलीं गांवें, बंदरें, वाळवंटें, घरांतले दिवे हीं सारीं खरोखर हातानें घडविलेलीं आहेत. दीडशेंहून अधिक प्रतिकृती कारागिरांनीं बनविल्या, त्यांचीं छायाचित्रें घेतलीं, आणि त्यांतून संगणकाचीं पात्रें चालविलीं. बोलपटांत ज्यांनीं संगणकाकडून केस काढून घेतले, ते साठीच्या उंबरठ्यावर पुठ्ठा आणि रंग यांच्याकडे वळले! संगीत पुनः उएमात्सु यांचेंच. २०२४ च्या डिसेंबरांत याच खेळाची नवी आवृत्ति स्क्वेअर एनिक्सनें, म्हणजे त्यांनीं सोडलेल्या घरानेंच, प्रसिद्ध केली.

पडद्यावरचा एक दगडी जिना पाहून आम्हांस आमच्या अंगणांतला दिवाळीचा किल्ला आठवला. हा मुलगा आठ-नऊ वर्षांचा असतां चिखलाचे हात घेऊन दिवेलागणीपर्यंत तेथें बसे, आणि बुरुजावर अळीव कोठें पेरावे याविषयीं आजीचा सल्ला घेई. त्यालाही तेंच आठवलें असावें. पण बोललें कोणीच नाहीं.

अर्ज अजून मेजाच्या खणांत आहे. मुदत महिनाअखेरची आहे. सौभाग्यवतींचें मत सही करावी असें आहे, वडील बंधूंचें करूं नये असें. काल मुलानें आमच्या जुन्या फायलींचे पुठ्ठे मागितले. ते मात्र आम्हीं लगेच काढून दिले.