ट्रेकहून आल्यावर ताप आला तर...

दरवर्षी पाऊस ओसरला की आमचा पाच-सहा मित्रांचा गट सह्याद्रीत जातो. भाद्रपद संपता संपता डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळे झालेले असतात, गवत कमरेपर्यंत वाढलेले असते. दोन वर्षांपूर्वी आम्ही रतनगडावर गेलो होतो. नेढ्यात वारा खाऊन झाल्यावर खाली गवतातच बसून डबे उघडले आणि नंतर तासभर तिथेच आडवे झालो. डास चावू नयेत म्हणून हाताला आणि मानेला मलम लावले होते. त्यामुळे आपण पुरेशी काळजी घेतली, असे मला वाटत होते.

दहा-अकरा दिवसांनी मला थंडी वाजून ताप आला. डोके ठणकत होते, अंग ठेचल्यासारखे दुखत होते. दवाखान्यात व्हायरलचे रुग्ण रोज येतच होते, त्यामुळे मीही तेच निदान करून पॅरासिटामॉल सुरू केली. तिसऱ्या दिवशी डेंग्यूची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. प्लेटलेट मात्र कमी झाल्या होत्या. पाचव्या दिवशीही ताप १०३ होता.

त्या संध्याकाळी घामाने भिजलेला बनियन बदलताना पत्नीने विचारले, "अहो, इथे कमरेला भाजलंय का तुम्हाला?" पँटच्या पट्ट्याखाली, पाठीच्या बाजूला, सिगारेटचा चटका बसावा तशी एक काळी खपली होती. भोवती लालसर कडा होती. दुखत नव्हती, खाजत नव्हती.

त्या खपलीने मला खरे निदान सांगितले. स्क्रब टायफस!

हा आजार डासांमुळे होत नाही. गवतात आणि झुडपांत राहणाऱ्या माइट नावाच्या अतिसूक्ष्म किडीची पिल्ले चावल्याने तो होतो. ती नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतात. चावलेले कळत नाही आणि लक्षणे साधारण एक ते तीन आठवड्यांनी सुरू होतात. तोवर आपण ट्रेक विसरून गेलेलो असतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात या आजाराची साथ आली होती. शेतात, गवतात काम करणाऱ्यांना धोका अधिक असतो, पण हौसेने डोंगरात जाणाऱ्यांनाही तो होतो.

वेळीच ओळखला तर उपचार सोपा आणि स्वस्त आहे. डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर दोन दिवसांत माझा ताप उतरला. उशीर झाला तर मात्र फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांवर परिणाम होऊन आजार जिवावर बेतू शकतो. तापासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या सेफिक्झीमसारख्या अँटिबायोटिक गोळ्यांचा इथे उपयोग होत नाही. म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने गोळ्या आणून दिवस घालवू नका.

गवतातून जाताना एवढे करा:

- पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट घाला आणि पँटची टोके मोज्यात खोचा.
- डीईईटी असलेले मलम किंवा स्प्रे हातांबरोबरच घोट्यांनाही लावा.
- थेट गवतावर बसू किंवा झोपू नका. खाली प्लास्टिकचा कागद अंथरा. कपडे झुडपांवर वाळत घालू नका.
- घरी येताच साबणाने अंग चोळून आंघोळ करा आणि ट्रेकचे कपडे गरम पाण्यात धुवा.

आणि पुढच्या तीन आठवड्यांत ताप आलाच, तर काखा, जांघा, कंबर, गुडघ्यांच्या मागची बाजू, स्तनांखालची त्वचा नीट बघा. जिथे स्वतःला दिसत नाही तिथे घरच्यांना बघायला सांगा. खपली प्रत्येकालाच दिसते असे नाही. म्हणून ती नसली तरी डॉक्टरांकडे गेल्यावर पहिले वाक्य हे सांगा, "मी अमुक दिवसांपूर्वी डोंगरात, गवतात गेलो होतो."

तपासायला आलेल्या प्रत्येक तापाच्या रुग्णाला मी विचारतो, "गेल्या महिन्यात कुठे गेला होतात?" स्वतःला ताप आला तेव्हा मात्र हा प्रश्न मी पाच दिवस विचारलाच नाही. औषध वेळेत सुरू झाले ते पत्नीच्या नजरेमुळे.

यंदाही आम्ही जाणार आहोत. फक्त या वेळी सॅकमध्ये अंथरायचा कागद सगळ्यात आधी भरला आहे.